घरचं तेल

फ्रेडीने लाकूड कापायच्या मशीनवरची गोणी ओढून काढली, तेव्हा बुद्धभूषणने चेन पाहिली नाही की दातेही तपासले नाहीत. आधी त्याने इंजिनावर तळवा टेकवला. तळव्याला ऊब लागली.

“गरम आहे,” तो म्हणाला.

“उन्हात व्हतं,” फ्रेडी म्हणाला.

“गोणीखाली होतं. आणि सावलीत.”

फ्रेडीने बायकोकडे पाहिलं. ओट्यावर सुके बोंबील निवडत बसलेली आयरिन मान वर न करता म्हणाली, “मी बोलले व्हते तुला, गिऱ्हाईक यायच्या आधी चालू करू नको म्हणून.”

“यांचा टाइम वाचावा म्हणून केलं गं.”

“थंड होऊ द्या,” बुद्धभूषण म्हणाला. “मी बसतो.”

फ्रेडी हसला, पण हसू काही मनापासूनचं नव्हतं. आयरिन चहा टाकायला आत गेली आणि बुद्धभूषण व त्याचा मेहुणा महिपत भाईंदरकडच्या डोंगरी गावातल्या त्या अंगणात, उलट्या घातलेल्या पाटीवर टेकले.

जुनं मशीन घेताना काय पाहायचं, हे त्याला मीरा रोडच्या एका स्कूटर मेकॅनिकने शिकवलं होतं. विकणारा इंजिन आधीच तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन आतून संपलेलं असलं तरी झटक्यात उठतं, तेव्हा थंड असताना चालू करून बघ. दोरी हळू ओढून बघ, बोटांना जोर लागला पाहिजे. सायलेन्सर खोलून पिस्टनवर ओरखडे आहेत का ते बघ. बुद्धभूषणने हे सगळं एखाद्या पोरासारखं पाठ केलं होतं. नव्या मशीनची किंमत तो नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानात एकदा विचारून आला होता आणि परत त्या बाजूला फिरकला नव्हता. बायकोने, संघप्रियाने, तिची भिशी या महिन्यात मागून घेतली होती, आणि तेवढ्यात बसेल असं एकच मशीन सगळ्या मीरा-भाईंदरमध्ये सापडलं होतं. ते हे.

दिवस हातात असते तर तो घाबरलाही नसता. पण काम उद्या सकाळी होतं.

बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीच्या आवारात शिरीषाचं जुनं झाड वाळून उभं होतं. बिल्डिंग बांधायच्या आधीपासूनचं. एका अंगाला विजेच्या तारा, दुसऱ्या अंगाला पहिल्या मजल्याची गॅलरी. पालिकेची परवानगी आली होती आणि उद्या सकाळी लाईन बंद ठेवायला वीज मंडळ तयार झालं होतं. झाडं छाटायचं काम बुद्धभूषण कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली, रोजावर, कुऱ्हाड-करवतीने करत आला होता. हे पहिलं काम त्याच्या स्वतःच्या नावावरचं. सेक्रेटरी किरीटभाईंनी विचारलं होतं, “मशीन है? कुल्हाडी लेके आनेवाला मेरे को नहीं चाहिए.” आणि बुद्धभूषणच्या तोंडून “है” निघून गेलं होतं. आवारात छाटायची आणखी झाडं होती. हे एक नीट उतरलं तर बाकीची त्याची. नाहीतर भाईंदरचा मोठा ठेकेदार नवीन मशीन घेऊन तयारच बसला होता.

“दाजी,” महिपत हळूच म्हणाला, “नाही चालू झालं तर?”

“गप बस.”

“नाही, मी आपलं विचारलं.”

चहा पिऊन झाला, कप आत गेले, तरी बुद्धभूषण मधूनमधून उठून इंजिनाला हात लावून येत होता. तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. शेवटी आयरिननेच म्हटलं, “आता थंड झालं असेल, चहाच्या कपांसारखं.”

त्याने मशीन जमिनीवर ठेवलं, मागच्या मुठीत बुटाचं टोक अडकवलं आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन खोकलं नि गप्प झालं. फ्रेडी दुसरीकडेच बघत होता. बुद्धभूषणच्या मानेवर घाम आला. उद्या किरीटभाईंच्या गेटवर रिकाम्या हाताने उभं राहून काय सांगायचं, याची वाक्यं त्याच्या डोक्यात आपोआप जुळायला लागली.

“चोक ओढलास का, भाव?” फ्रेडीने विचारलं.

ओढला नव्हता. एवढं पाठ करून तेवढंच विसरला होता. चोक ओढून त्याने झटका मारला आणि मशीन गर्जत उठलं. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. सुरूचा एक ओंडका पुढ्यात पडला होता. त्यातून पातं लोण्यातून जावं तसं गेलं.

सायलेन्सर खोलून पिस्टन बघितला. स्वच्छ. मग शेवटचा प्रश्न, तोही मेकॅनिकनेच सांगितलेला.

“चेनला वेगळं तेल लागतं ना?”

“लागतं. ही टाकी पेट्रोलची, त्यात ऑईल मिक्स हाय. ही दुसरी चेनच्या तेलाची. फुल हाय.”

“कुठलं तेल?”

“घरचं,” फ्रेडी म्हणाला. “बापाच्या टायमापासून आम्ही लाकडाला त्येच लावतो. वर एक डबा भरून देतो, फुकट. तुला इकत घ्यायला नको.”

बुद्धभूषणला हायसं वाटलं. तेलाचा खर्च त्याने धरलाच नव्हता. घरचं म्हणजे घरात साठवलेलं, असं त्याने धरून टाकलं.

“मग मशीन विकताय कशाला?” महिपतने विचारलं.

“होडीची लाकडं कापायला घेतलं व्हतं. आता सगळे फायबरच्या बोटी घेतात. लाकूड कापतो कोण?”

शेवटी किंमत आयरिननेच ठरवली. फ्रेडी “आणखी थोडं” म्हणत राहिला आणि ती “न्हाय, बस झालं, जाऊ दे पोरांना” म्हणत त्यांना फाटकापर्यंत सोडून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत लाईनमनने तारांचा पुरवठा तोडला आणि घड्याळ दाखवून बजावलं, “अकराला मी लाईन चालू करणार. झाड उभं असो नाहीतर आडवं.”

महिपत आणि दोन मजूर बुंध्याला उंचावर बांधलेला दोर धरून मोकळ्या जागेच्या बाजूला उभे राहिले. झाड तिकडेच पडायला हवं होतं. बुद्धभूषणने त्याच बाजूला बुंध्यात खाच घेतली. मशीन पहिल्या दोन झटक्यांत चालू झालं होतं. वाळलेलं लाकूड आतून दगडासारखं कडक होतं, भुसा उडत होता, पण पातं जात होतं. खाच पुरी झाली, तो मागच्या बाजूला आला आणि दुसरा काप घ्यायला लागला.

काप निम्म्यावर आला असेल. मशीनच्या आवाजावर कुणीतरी ओरडतंय असं त्याला वाटलं. त्याने मान वळवली. किरीटभाई पांढऱ्या सफारीत, रुमाल नाकाला लावून, दोन्ही हातांनी थांब थांब करत येत होते. वरच्या सगळ्या गॅलऱ्यांमध्ये बायका उभ्या होत्या. खिडक्या धडाधड लागत होत्या.

त्याने इंजिन बंद केलं. आवाज गेला आणि मग त्याच्या नाकात वास शिरला.

“ये क्या है?” किरीटभाई म्हणाले. “मच्छी का बास कहां से आता है? पूरा बिल्डिंग वेजिटेरियन है, मालूम है ना तेरे को?”

महिपतने दोर न सोडता दबक्या आवाजात सांगितलं, “दाजी, खाडीचा वास आहे म्हणा. वारा तिकडूनच येतोय.”

बुद्धभूषणने चेनच्या टाकीचं झाकण फिरवलं आणि नाक जवळ नेलं. डोंगरीच्या अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांमध्ये हा वास त्याला कळलाच नव्हता. तिथे सगळंच तसं होतं. इथे तापलेल्या चेनवरून उडालेले त्याचे थेंब कंपाउंडच्या पिवळ्या भिंतीवर, तिथे उभ्या स्कूटरच्या सीटवर, आणि किरीटभाईंच्या सफारीच्या बाहीवर बसले होते. मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. होडीच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून कोळी लोक लावतात ते. लाकडाला लागणारं तेल म्हणून फ्रेडीने तेच चेनला घातलं होतं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं.

खाडी म्हणावं का, असं क्षणभर बुद्धभूषणच्याही मनात आलं. पण किरीटभाईंनी बाहीवरचा थेंब बोटाने पुसून वास घेतला होता.

“मासळीचं तेल आहे, साहेब,” तो म्हणाला. “मोरीचं. मशीन काल घेतलं, जुनं. विकणाऱ्याने भरून दिलं. मला माहीत नव्हतं.”

“कल लिया? तू तो बोला था मशीन है.”

“कालपासून आहे.”

किरीटभाईंनी रुमाल पुन्हा नाकाला लावला. मग ते म्हणाले, “तुम लोगों का यही प्रॉब्लेम है. उठाव सामान. भाईंदरवाले को बुलाता हूं.”

तुम लोगों का. बुद्धभूषणच्या कानशिलात काहीतरी ठोकलं गेलं. उत्तर जिभेवर आलं होतं, पण त्याचे डोळे बुंध्यावर होते. पुढे खाच, मागे निम्मा काप, आणि मध्ये एवढंच लाकूड की वाळलेलं झाड मनात येईल तेव्हा करकरून कुठेही जाईल. वारा खरंच सुटला होता. दोर ताणलेला होता, आणि महिपतच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

“साहेब, असं सोडून जाता येणार नाही,” तो म्हणाला. “भाईंदरवाला येईपर्यंत हे उभं राहील याची गॅरंटी मी देत नाही. पडलं तर त्या गॅलरीत पडेल.”

त्याने बोट दाखवलं त्या गॅलरीत मधुकांताबेन उभ्या होत्या, पदर नाकावर धरून. त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग आपल्या गॅलरीकडे.

“तो दूसरा तेल डालो ने,” त्या वरूनच म्हणाल्या.

“दुसरं नाही माझ्याकडे, बेन. तेलाशिवाय चालवलं तर चेन अडकेल. तुटून अंगावर येईल.”

“कैसा तेल मंगता है?”

“घट्ट. चिकट.” त्याला खरं तर नक्की माहीत नव्हतं. “खायचं गोडं तेलही चालेल बहुतेक.”

“बहुतेक?” किरीटभाई म्हणाले.

“किरीटभाई, तमे नाक बंद करीने ऊभा रहो ने,” मधुकांताबेन म्हणाल्या आणि आत गेल्या. खाली आल्या तेव्हा हातात स्टीलची बरणी होती. सिंगतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, पुऱ्या तळून गाळून ठेवलेलं.

बुद्धभूषणने मोरीचं तेल फ्रेडीच्याच डब्यात ओतलं आणि डबा गेटबाहेर नेऊन ठेवायला एका मजुराला पाठवलं. टाकी चिंध्यांनी पुसली, पातं पुसलं, चेनचा एकेक दाता पुसला. लाईनमन घड्याळ बघत होता आणि मुद्दाम दिसेल असं बघत होता. बुद्धभूषणची बोटं तेलकट होऊन झाकणावरून घसरत होती. बरणी ओतून झाल्यावर त्याने मशीन चालू केलं आणि पात्याचं टोक जमिनीवर पसरलेल्या एका पुठ्ठ्याकडे धरलं. चेनवर तेल चढत असेल तर पुठ्ठ्यावर रेघ उमटायला हवी, हेही मेकॅनिकचंच. पुठ्ठा कोराच राहिला. त्याने इंजिन आणखी ताणलं. कोराच.

“नहीं आया,” किरीटभाई म्हणाले. आता तेही पुठ्ठ्याकडेच बघत होते.

बुंध्यातून बारीक कर्र आवाज आला. “दाजी!” महिपत ओरडला.

मग पुठ्ठ्यावर एक फिकट पिवळी, अगदी अरुंद रेघ उमटली. ती जाड झाली.

बुद्धभूषण बुंध्याकडे वळला. पातं कापात घातलं. पुरी तळताना येतो तसा धूर आला. तो डोळे बुंध्यावरून न काढता इंच इंच पुढे गेला, मग एकदम मागे सरकला आणि ओरडला, “ओढ.” झाड जागचं हललं, थांबलं, आणि दोर धरलेल्यांच्या समोर, मोकळ्या जागेत आडवं झालं. धूळ उडाली. गॅलरीच्या कठड्याला एक फांदी घासून गेली, तेवढंच.

लाईनमन तारांवरून नजर फिरवून आला आणि लाईन चालू करायला खांबाकडे निघाला.

बुद्धभूषण ओंडक्यावर बसला. मशीन मांडीवर होतं; ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. महिपत हात चोळत आला. “विचारा ना बाकीच्या झाडांचं,” तो म्हणाला.

“आता कशाला विचारू?”

किरीटभाई पडलेल्या झाडाभोवती एक चक्कर मारून आले. गॅलरीचा कठडा वर मान करून पाहिला, तारा पाहिल्या, स्कूटरच्या सीटवर बोट फिरवून पाहिलं. रुमाल अजून हातात होता, पण नाकाला नव्हता.

“ये दीवार और स्कूटर साबुन से धोके जाने का,” ते म्हणाले.

“धुतो.”

“सोमवार को बी-विंग के पीछेवाला. सुबह जल्दी आने का.” ते दोन पावलं गेले नि वळले. “और मशीन गेट पे मेरे को सुंघाने का. पहले सूंघूंगा, बाद में अंदर.”

बुद्धभूषणने मान हलवली. महिपत बादली शोधायला गेला, तरी तो तसाच बसून राहिला, दोन्ही हातांनी मशीन घट्ट धरून.