लायसनची पूजा

प्रवरेकाठी, बेलापूरजवळच्या कापसातनं सरकी काढायच्या जिनात दिलावरनं अठरा वर्सं बॉयलर सांभाळला. नुसत्या आवाजावरनं सांगायचा, कोळसा टाकायचा का थांबायचं. पण शेहेचाळीस साली सरकारी कागद आला. लायसन नसलेल्यानं बॉयलरला हात लावला, तर दंड मालकाला. दिलावरला अक्षर वळखू येत न्हवतं, परीक्षा कसली देतोय!

मालक मच्छिंद्र शेठनं पुण्याहून लायसनवाला आणला. कानिफनाथ. परीक्षेत पहिला, अन् भट्टीचं दार उघडलं की दोन हात मागं.

"दसऱ्यापत्तुर ह्याला शिकव," शेठ दिलावरला म्हणाला. "दसऱ्यानंतर तू घरी."

"म्हंजी माझा खड्डा मीच खनायचा?"

"फावडं हायच की तुझ्याकडं."

खंडेनवमीला समद्यांनी आपापली हत्यारं पूजेला मांडली. फिटरनं पाना, दिलावरनं फावडं. नारळ दरसालप्रमाणं दिलावरनंच फोडला अन् घरी गेला. कानिफनाथकडं हत्यार म्हंजी लायसन. सागवानी चौकट, वर काच, पाटासारखं जड. कायद्यानं ते बॉयलरपाशीच टांगायला पायजे. पण भिंतीला नवा चुना, खिळा मारायचा न्हाई असं शेठचं फर्मान. बॉयलरच्या डोक्यावर झडप हुती. वाफ जास्त झाली की दांडा उचलून आपसूक उघडायची. तिच्या लोखंडी दांड्याच्या टोकाला कानिफनाथनं लायसन टांगलं, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर भट्टी पेटली. शेवटचा दिवस म्हणून दिलावर आला. वाफेचा काटा तांबड्या रेघेपल्याड, अन् झडप गप. त्यानं वर बघितलं.

"आरं कान्या, ते उतरव! झडपंवर वझं पडलंय!"

"सरकारी लायसन हाय ते. हात लावायचा न्हाई."

"सरकारी हाय म्हनून वाफ मुजरा करनार व्हय?"

दिलावर शिडी चढला. कानिफनाथनं पाय धरून खाली वढला. दिलावरचे दोन दात शिडीतच राह्यले. त्यानं उठून कानिफनाथचा कान चावला. शेठ मधी पडला, तर दोघांच्या लाथा त्याच्याच पोटात बसल्या.

"बिनलायसनचा बॉयलरवर चढतोय!" शेठ बोंबलला. "दंड तुझा बाप भरनार का? फेका भायेर!"

चार हमालांनी दिलावरला उचलून फाटकाभायेर आपटला.

"भायेर या!" दिलावर रक्त थुंकत वरडला. "समदे भायेर या, फुटतोय!"

कुनी हललं न्हाई. मग दिलावरनं शिव्या सुरू केल्या. शेठच्या आईपासनं धरलं, हमालांच्या सासूपत्तुर आला, कानिफनाथच्या खानदानातलं तर मांजर बी सोडलं न्हाई. हमाल धावले. त्यांच्यामागं शेठ, काठी घेऊन. कान धरून कानिफनाथ. आत सरकी झाडनाऱ्या बाया बी मार बघायला पळत आल्या.

दिलावर पळाला चिंचेपत्तुर. तिथं गाठून त्याला धुतला. काठीनं, चपलांनी, बुक्क्यांनी. बरगडी मोडल्याचा आवाज समद्यांनी ऐकला.

त्याहून मोठा आवाज लगेच आला.

जमीन हादरली. पत्रे पाखरांगत उडाले. धुराडं आडवं झालं ते शेठच्या कचेरीवर. जळका कापूस असा बरसला, की चार गावांत गाद्या झाल्या असत्या. एका हमालाच्या पागोट्याला आग लागली, तर दुसऱ्यानं विझवायला त्यालाच बदडला. बॉयलरचा अर्धा भाग उडून प्रवरेत पडला अन् पानी खदखदलं. अर्धा उसात घुसला.

धूर निवळला. शेठनं मान्सं मोजली. समदी हुती. समदी दिलावरला मारायला आल्ती, एवढ्यानंच वाचली. शेठच्या हातनं काठी गळाली. एक मिशी बी जळाली हुती.

तो दिलावरपाशी गुडघ्यावर बसला. दिलावरचा एक डोळा सुजून मिटलेला, दुसरा शेठवर.

"दिलावर," शेठ म्हणाला, "चुकलं माझं. लायसन गेलं खड्ड्यात. उद्यापासनं बॉयलरवर तूच ये."

दिलावर बरगडी धरून उठून बसला. नदीकडं बघितलं, उसाकडं बघितलं.

"येतो की शेठ," तो म्हणाला. "कंच्या अर्ध्यावर येऊ?"