एक नंबरचं घरटं

"तू डोंग्यातच बसजो," वल्हं मारता मारता नत्थूजी म्हणाले. "साहेब पुढच्या नावेनं गेलेत."

"मंग ही घागर काय साहेबाले पाजू?" त्यांची बायको अनुसयाबाई म्हणाली.

आखजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस. वारलेल्यांच्या नावानं घरोघर घागर भरतात. अनुसयाबाईनं लेकीच्या, जयवंतेच्या नावानं भरली होती. तापानं गेली तेव्हा पोरगी अडीच वर्षांची. टेकडीवर पुरली, वर दगडांचं रिंगण केलं. मग धरण झालं. गाव बुडालं, टेकडीचा माथा तेवढा बेट होऊन उरला. तिथं टिटव्या अंडी घालू लागल्या, म्हणून सरकारनं बेट राखीव केलं आणि बुडालेल्या गावातल्याच नत्थूजींना चौकीदार नेमलं. टिटव्यांचं पुनर्वसन असं झटपट झालं.

पहिल्याच वर्षी, शहात्तर साली, फलकाच्या चौथऱ्याला दगड हवे होते. मजूर रिंगणाला हात घालणार, तोच नत्थूजी ओरडले, "नोका रे, घरटं हाय ते!" टिटवी खडे मांडूनच घर करते, त्यामुळे पटलंही. आयुष्यात माणूस एकदाच खोटं बोलला, तेही सरकारनं लिहून घेतलं : घरटं क्रमांक एक. चौकीदाराशिवाय कोणी जवळ जायचं नाही.

दरसाल आखजीला अनुसयाबाई जाई, पाणी घाली. बघायला असायचं कोण? यंदा नवे साहेब नेमके आज तपासणीला आले.

बेट आलं. नत्थूजींनी हात पुढे केला. "आण. मीच घालतो."

"तुमी? नाव तरी घ्यान का तिचं?"

"घेईन."

"मोठ्यानं नोका घेऊ. साहेब आयकन."

रिंगणाशी उकिडवं बसून त्यांनी घागर कलती केली. नाव काही ओठांवर येईना.

"पाणी कशाला, चौकीदार?" फलकापासून साहेबांनी विचारलं.

"ऊन लय हाय साहेब. म्हटलं, थंड वाटन."

"बरं. अंडी किती?"

नत्थूजींनी रिकामी घागर खाली ठेवली.

"एकच होतं, साहेब."

"होतं चालत नाही. आहे की नाही, तेवढं सांगा. नसेल तर हा क्रमांक काढून टाकू."

नत्थूजींनी डोंग्याकडे पाहिलं. अनुसयाबाईनं तोंड फिरवलं होतं.

"हाय," ते म्हणाले. "एक हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. रिंगणातली माती पाणी पिऊन काळी झाली होती.