जपानचा बदाम मिळालेला फुटबॉल

मित्रांनो, मी लोणखेड्याचा जुना फुटबॉल. अंगावर ठिगळं आहेत, पण हवा अजून धरतो. माझी हकिगत ऐका, आणि मध्येच मोबाईल काढू नका. माझी सगळी रड त्याचीच आहे.

पंजाबात मला शिवलं, नंदुरबारच्या दुकानात जाळीत टांगलं आणि तिथून मी रूपालीच्या संघात आलो. मुलींच्या लाथा खाल्ल्या. तिच्या आजोबांच्या, दोधू आप्पांच्या वावरातल्या पपया पाडल्या. मग आप्पांच्या शिव्याही खाल्ल्या. फुटबॉलला आणखी काय हवं?

पण आमच्या घरात फुमिओ आला. म्हणजे मोबाईलमध्ये. हा जपानचा निवृत्त फुटबॉलपटू. धावत होता तेव्हा लोणखेड्यात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता तो स्वयंपाकघरात उभा राहून मुळा चिरतो, तर लाखो लोक डोळे फाडून बघतात! रूपालीचा भाऊ भाग्येश तर त्याला बघितल्याशिवाय घास गिळत नाही. ज्या बॉलने या माणसाला मोठं केलं, तो बॉल कुठेच दिसत नाही. मुळा मात्र दिसतो.

एकदा भाग्येशने मला डोक्यावर तोलून रील केली. त्यावर फुमिओने लाल बदाम टाकला. झालं! मी काचेच्या कपाटात. वर हार, पुढे उदबत्ती, आणि सेल्फीसाठी शेजाऱ्यांपासून पाव्हण्यारावळ्यांपर्यंत सगळे. मुली बिचाऱ्या प्लास्टिकच्या बाटलीवर सराव करू लागल्या.

शनिवारी तळोद्याच्या मुलींशी सामना होता. रूपाली कपाटापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, बॉल दे ना. शनवारले मॅच शे."

"याले लाथ मारशी? जपानना बदाम शे त्याले!"

"मंग आम्ही काय बदाम लाथाडूत?"

भाग्येशने कपाटाची किल्ली खिशात टाकली. रूपालीचे डोळे भरले. मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण हात नाहीत. नुसतं कपाळच आहे.

त्याच संध्याकाळी फुमिओ लाइव्ह आला. आप्पा नातवाशेजारी टेकले. फुमिओ मान खाजवत सारखा म्हणत होता, "आनो ने... आनो ने..."

आप्पा दचकले. "काय रे, हाऊ 'आन ना, आन ना' का बरं म्हनी ऱ्हायना?"

"आप्पा, जपानी शे ते. बोलता बोलता अडकना का तसं म्हनतस."

"माले नको शिकाडू! बॉल मांगी ऱ्हायना बिचारा. रिटायर मानूस, मुळा चिरी चिरी कटाळना. आन ती किल्ली!"

आप्पांपुढे जपानी व्याकरण टिकलं नाही. त्यांनी कपाट उघडलं, हार काढला आणि मला रूपालीकडे फेकलं.

"घे व बेटी. जपान दूर शे. तू लाथ मार, तो तठेथून देखी."

शनिवारी तळोद्यात मी धुळीत लोळलो, काट्यांत गेलो आणि रूपालीच्या एका लाथेने सणसणत जाळीत घुसलो. त्याआधी तळोद्याच्या मुलींनी मला चारदा आमच्याच जाळीत घातलं होतं, पण त्याची चर्चा कशाला?

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, 'आम्हाला जपा.' माझं उलटं आहे. मला जपू नका. हवा भरा आणि लाथ मारा.