मानेचा सांधा

दत्तोबांना वेल्डर नूरमोहम्मदचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो याची लाजही वाटायची. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या, उडता न येणाऱ्या, माणसाहूनही उंच अशा शिकारी पक्ष्यांविषयी दहा वर्षं वाचलं दत्तोबांनी. पण पिंपळे सौदागरच्या सोसायटीने बागेसाठी भंगारातून तसा पक्षी घडवायला सांगितलं ते नूरमोहम्मदला. काम अर्धं झालं असतानाच पेपरात फोटो छापून आला, तोही त्याचाच.

दत्तोबा तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. म्हणून नूरमोहम्मदच्या शेडमध्ये रिवाजच पडला होता. तो सांध्यांना आधी नुसते टाके मारी. दत्तोबांनी सांधा बरोबर असल्याची खडूने खूण केली, की मगच पक्कं वेल्डिंग.

आज पक्ष्याची मान टाक्यांवर उभी होती. चोचीत पत्र्याचा ससा, आणि कुत्रा उंदीर झटकतो तशी मान एका बाजूला फेकलेली.

"काय राव, दिसतोय ना खतरनाक?"

चूक दत्तोबांना पाहताक्षणीच कळली. सोसायटीतलं कुणीतरी शिकलेलं माणूस हसेल, या विचाराने त्यांना बरं वाटलं. त्यांनी खडूने खूण केली.

नूरमोहम्मदने पुन्हा बघितलंही नाही. काच डोळ्यांवर ओढली आणि कामाला लागला. तासाभरात सांधा पक्का झाला. तोवर दत्तोबांना स्टुलावर बसवेना.

"नूरभाई, ती खूण खोटी होती."

"म्हणजे?"

"हे पक्षी भक्ष्याला असं झटकत नसावेत. त्यांच्या कवटीला आडवा जोर सोसला नसता. धावत गाठायचं, वरून कुऱ्हाडीसारखी चोच घालायची, मागे सरायचं, पुन्हा घालायची. असं संशोधक म्हणतात."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"पेपरात तुझा फोटो आला."

"फोटोपायी माझं काम वाया घालवलंत व्हय! आणि मी येड्यासारखा डोळे झाकून वेल्ड मारत बसलो." त्याने ग्राइंडर उचलला. "धरा चोच. कुठं न्यायची, दाखवा."

ठिणग्या उडाल्या. मान सुटली, सरळ झाली; चोचीतला ससा काढून खाली ठेवला. आता चोच खाली रोखलेली. पुढच्या क्षणी घाव बसणार असं वाटावं. दत्तोबांना पुन्हा हेवा वाटला. इतकं वाचूनही असा पक्षी त्यांच्या हातून कधीच उभा राहिला नसता.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले.

नूरमोहम्मदने होकार भरला, खिशातून मोजायची टेप काढली आणि पक्का करण्याआधी सांधा स्वतः दोनदा मोजला.