मुंगीसाठी सजवलेली खोली

सोफ्याला कापड ठोकताना तो बारीक खिळे ओठांत धरायचा, म्हणून कारखान्यात त्याला सगळे ‘मौनी’ म्हणायचे. खिळे नसले तरी तो फारसा बोलायचा नाही, ही गोष्ट वेगळी. पण त्या महिन्यात त्याने जितक्या जणांपुढे तोंड वेंगाडलं तितक्या जणांपुढे आयुष्यात कधी वेंगाडलं नव्हतं. मालकाकडे कापडाचे उरलेसुरले तुकडे मागितले, खालच्या लाँड्रीवाल्याकडे शिडी मागितली, शेजारणीकडे रिकाम्या बरण्या मागितल्या. एरवी उपाशी राहिला असता, पण मीठ मागायला गेला नसता.

कारण होतं मुंगी. मुंगी म्हणजे त्याची मुलगी. अंगाने एवढीशी, आणि सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून तिच्या आईनेच ते नाव पाडलेलं. आई आजारपणात गेली तेव्हा मुंगी चार वर्षांची होती. त्यानंतर घर त्याला खायला उठायचं. कपबशी दिसली तरी काळजात कळ यायची. लांबच्या एका शहरात हॉटेलच्या फर्निचरचं मोठं काम निघालं, तेव्हा त्याने मुंगीला मोठ्या मेव्हणीकडे ठेवलं आणि दोन महिन्यांत येतो म्हणून निघाला. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. फोन करायचा तो. मुंगी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलायची आणि मग म्हणायची, “मावशीला देते.”

तो परत आला तेव्हा मुंगी त्याला बाबाच म्हणाली, पण पोस्टमनला पोस्टमन म्हणावं तसं.

तरीही त्याला वाटलं होतं, हळूहळू जमेल. तेवढ्यात साडूची बदली झाली. महिनाअखेरीला ते सगळं बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या गावी जाणार होते, आणि मुंगीचं नाव तिथल्या शाळेत घालायचं चाललं होतं. साडू भला माणूस, पण स्वतःच्या घरात तो पाहुण्यासारखा. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तर ‘तुम्ही म्हणाल तसं’. जे काही होतं ते मेव्हणीच्या हातात. तिला स्वतःचं मूल नव्हतं, आणि मुंगी आता तिच्या श्वासाइतकी तिची झाली होती.

तो तिच्याकडे गेला आणि म्हणाला की मुलगी मला द्या. ती म्हणाली, “खोली भाड्याने घेतली म्हणजे घर झालं का? तिला कुठे झोपवाल, कुठे बसवाल? मी बघितल्याशिवाय पोर सोडणार नाही.”

“रविवारी आणा तिला,” तो म्हणाला. “बघा आणि ठरवा.”

बोलून तर बसला. घरी येऊन दिवा लावला आणि खोली पहिल्यांदाच तिच्या नजरेने बघितली. लाँड्रीच्या वरची ती एकच खोली. एक लोखंडी पलंग, एक गॅस, भिंतीवर ओलीने उमटलेला मोठा डाग, आणि खिडकीला पडद्याच्या जागी वर्तमानपत्र. माणूस इथे राहत नव्हता, नुसता रात्री येऊन पडत होता. ही खोली बघून कुणी कुत्र्याचं पिल्लूसुद्धा ठेवून गेलं नसतं.

खिशात फारसं नव्हतं, पण हातात कसब होतं. त्याने तेच वापरायचं ठरवलं. ओलीच्या डागावर त्याने फळी बसवली, फळीवर फोमचे तुकडे, त्यावर निळं मखमली कापड, आणि जागोजागी बटणं ओढून तिला श्रीमंताच्या सोफ्याची पाठ असावी तशी गुबगुबीत केली. कापडवाल्यांकडून कारखान्यात नमुन्यांची पुस्तकं यायची. जुन्या पुस्तकांतले चौकोन फाडून, जोडून त्याने पडदा शिवला. कुठलेच दोन तुकडे एकसारखे नव्हते, पण ऊन आलं की खोलीभर रंग सांडायचे. बरण्यांना सुतळी गुंडाळली. उरलेल्या चिंध्यांचे पक्षी शिवून दोऱ्यावर टांगले. पहिला पक्षी बटाट्यासारखा दिसत होता, तो त्याने कुणी बघायच्या आत उसवला. पुढचे बरे झाले. काम चालू असताना त्याला भीती वाटायची नाही. हात थांबले की वाटायची, म्हणून तो हात थांबू द्यायचा नाही. जेवणही उभ्या उभ्या उरकायचा.

शनिवारी संध्याकाळी सगळं झालं, आणि तरी काहीतरी कमी वाटत होतं. खोली सुंदर होती पण दुकानातल्यासारखी. तेव्हा तो नाक्यावरच्या फुलवालीकडे गेला. पूर्ण उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही, म्हणून ती स्वस्तात देऊन टाकायची. त्याने निशिगंध घेतला, शेवंती घेतली, लिली घेतल्या. कुणासाठी, असं तिने विचारलं. मुलगी येणार आहे म्हटल्यावर तिने आणखी दोन मुठी वर टाकल्या, देठ तिरके कापायला सांगितले आणि पाणी रोज बदल म्हणाली. त्याने उशाशी, खिडकीत, गॅसशेजारी, जिथे जागा मिळेल तिथे बरण्या भरून ठेवल्या. खिडकी मात्र घट्ट लावून घेतली, लाँड्रीची वाफ आणि साबणाचा वास वर येऊ नये म्हणून.

रविवारी दुपारी दोघी आल्या. मेव्हणीने ठेवणीतले कपडे घातले होते, जणू तिचीच परीक्षा होती. त्याने दार उघडलं. ती उंबऱ्यावर थबकली. तिची नजर पडद्यावर गेली, निळ्या भिंतीवर गेली, पक्ष्यांवर गेली, आणि फुलांवर येऊन थांबली. तिचा चेहरा पडला. त्याला मनात आनंदाची उकळी फुटली. ही घाबरली, त्याला वाटलं. हिला असं घर दिसेल असं वाटलंच नव्हतं.

“जा आत,” मेव्हणी मुंगीला म्हणाली.

मुंगी आत गेली. पक्षी बघून हसली. एकेकाला बोट लावून फिरवू लागली. मग लिलीच्या बरणीत नाक खुपसून तिने दीर्घ वास घेतला. तो चहा टाकायला वळला होता. मागे खोकला ऐकू आला. त्याने लक्ष दिलं नाही. मग खोकला थांबेना. तो वळला तेव्हा मुंगी पलंगाची कड धरून उभी होती, खांदे वर ओढलेले, आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. ओठांचा रंग बदलला होता.

त्याला काय करावं कळेना. पाणी आणू का, पाठ चोळू का, तो नुसता हात हवेत धरून उभा राहिला. मेव्हणीने त्याला बाजूला ढकललं, पोरीला उचललं आणि जिन्यात नेलं. पर्समधून तिने औषधाचा पंप काढला, त्याला प्लास्टिकची नळकांडी जोडली, मुंगीच्या तोंडाला लावली, आणि अगदी शांत आवाजात म्हणाली, “हळू. घे. आता सोड.” मुंगीने डोळे मिटून तिच्या दंडाला घट्ट धरलं होतं.

तो खोलीत परत गेला, खिडकी उघडली आणि बरण्यांमधली फुलं ओढून ओढून खाली फेकली. हाताला लिलीची पिवळी पूड लागली ती पुसली तर आणखी पसरली. मग त्याला आठवलं. दीड-दोन वर्षांपूर्वी मेव्हणी फोनवर म्हणाली होती की पोरीला खोकल्याचा त्रास होतो, डॉक्टर दमा म्हणतात. तो ‘बरं’ म्हणाला होता. एवढंच. ‘बरं’ म्हणून फोन ठेवला होता आणि कामाला लागला होता. तो पलंगावर बसला आणि हातांत डोकं धरून रडला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात बाही कोंबली.

मुंगीचा श्वास जागेवर आल्यावर ती मावशीच्या मांडीवर झोपी गेली. तो बाहेर येऊन खालच्या पायरीवर बसला.

“घेऊन जा तिला,” तो म्हणाला. “मला काही माहीत नाही तिचं. मी मारून टाकली असती.”

खाली लाँड्रीत यंत्र फिरत होतं. मग मेव्हणी त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मला दारातच वास आला होता.”

त्याला आधी कळलं नाही.

“फुलं दिसली मला. तिला काय होतं ते माहीत होतं. तरी म्हटलं, जा आत. खोली एवढी छान केली होती तुम्ही. मला वाटलं, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?”

त्याच्या अंगाचा भडका उडाला. तो उठला. त्या क्षणी तो काहीही बोलू शकला असता, आणि जे बोलला असता ते खरंच असतं. त्याने मुंगीला तिच्या मांडीवरून उचलून घ्यायला हात पुढे केले. मुंगी झोपेतच हलली आणि मावशीच्या कुशीत आणखी शिरली. त्याचे हात तसेच राहिले. मेव्हणीने पोरीला आवळून धरलं नाही. ती नुसती बसून राहिली, न्यायचं असेल तर न्या, अशी, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तो परत खाली बसला.

“तो पंप कसा लावायचा ते दाखवा,” तो म्हणाला.

तिने दाखवलं. त्याच्या जाड बोटांतून नळकांडी दोनदा सुटली.

महिनाअखेरीला साडूच्या घरचं सामान ट्रकमध्ये चढलं. मुंगी त्यांच्याबरोबर गेली. तो निरोप द्यायला उभा राहिला आणि मग सरळ मालकाकडे जाऊन काम सोडतो म्हणाला. मालकाने त्याला वेड्यात काढलं. लागलेलं काम सोडून कुठे जाणार, तिथे कोण ओळखतं तुला? तो म्हणाला, “सोफे सगळीकडेच फाटतात.”

निळी भिंत त्याने बरोबर घेतली नाही, तिथेच सोडली. फोमची धूळ मुंगीला चालणार नव्हती. पडदा आणि पक्षी शेजारणीच्या मुलांना दिले.

नव्या गावात काम मिळायला वेळ लागला. काही दिवस तो नुसता पावावर होता. खोली मात्र मेव्हणीनेच शोधून दिली. आत येऊन तिने सगळ्या भिंतींवर तळवा फिरवून ओल बघितली, खिडकी उघडून खाली काय आहे ते बघितलं, आणि बरी आहे म्हणाली. त्या दिवशीच्या जिन्याबद्दल दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. मनातून गेलं असं नाही. चहाचा कप देताना कधीकधी दोघांच्याही नजरा खाली जायच्या.

शाळा सुटल्यावर मुंगी घटकाभर त्याच्याकडे येऊ लागली. पहिल्या दिवशी तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, “बाबा, इथे काहीच का नाही?”

“नाही अजून,” तो म्हणाला.

रिकाम्या खोलीत तिचाच आवाज घुमून परत आला. तिला गंमत वाटली. ती मोठ्याने पाढे म्हणू लागली, मध्येच थांबून ऐकू लागली. मेव्हणी तिला न्यायला खाली येऊन उभी होती. बाराचा पाढा संपला, तेराचा अडखळला, तरी तिने हाक मारली नाही. त्याने खिडकीतून वाकून बघितलं आणि म्हणाला, “ताई, वर या. चहा टाकतोय.”