न गाळलेलं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे साखरबाई म्हणत. साखरेचे रेणू एकमेकांत गुंफून तिने एक पांढरी भुकटी केली होती. पाण्यात मिसळलेली कारखान्याची घाण ती भुकटी ओढून घेते, असं गेले सहा महिने आकडे सांगत होते. अकरा वर्षं हाडाची काडं केल्यावर आलेले आकडे ते! तिने लगेच थोरल्या बहिणीला पुडा नेऊन दिला. ताईच्या नळाला विहिरीचं पाणी येई आणि विहिरीत शेजारच्या रंगकारखान्याचं सांडपाणी झिरपे. दुखऱ्या गुडघ्यांनी पाण्याचे कॅन तीन मजले चढवणं ताईचं एकदाचं सुटलं होतं.

तपासायची रीत साधी होती. भुकटी ढवळलेलं पाणी चकतीसारख्या गाळणीतून गाळून घाण मोजणाऱ्या यंत्रात घालायचं. तुलनेसाठी बिनभुकटीचं पाणी मात्र तसंच घालायचं. त्यात गाळायचं काय, कपाळ?

त्या दुपारी तिचे डोळे मिटत होते. सवयीने तिने तुलनेचं पाणीही गाळलं. आकडा पाहिला आणि झोप खाडकन उडाली. भुकटीचा कणही नसलेलं पाणी तेवढंच स्वच्छ आलं होतं. घाण गाळणीच धरून ठेवत होती, आणि साखर नुसती आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होती.

मग तिने गाळणी वगळली. भुकटी तळाशी बसू दिली आणि वरचं पाणी तपासलं. घाण जिथल्या तिथे. ताईही घरी असंच वरचं पाणी ओतून घ्यायची. तिच्याकडे कुठली आलीय ती गाळणी! साखरबाईला लाज वाटली, पण रडायचंही त्राण नव्हतं.

"ताई, ते पाणी पिऊ नकोस," तिने फोनवर सांगितलं. "माझं चुकलं गं."

"कधीपासून चुकलं?"

"पहिल्या दिवसापासून."

"कॅन तर मी देऊन टाकले. म्हटलं, आता कशाला लागतायत."

संध्याकाळी दोन नवे कॅन भरून साखरबाई जिना चढू लागली. पहिल्याच मजल्यावर तिला धाप लागली. वर पाहिलं तर कठडा धरून, एकेक पायरी करत ताई खाली येत होती. तिने एक कॅन उचलला.