अपूर्ण स्टूल

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली आणि तिच्यात मी पहिला होतो. आमचे वर्गशिक्षक खात्री करायला दोनदा फलकाजवळ जाऊन आले. आईला फोन केला तर तिने आधी विचारलं, "कुठल्या शाळेत?"

दुसरी होती पेन्सिल. पेन्सिल म्हणजे माझी मावसबहीण. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते, माझ्याच वर्गात आहे, आणि तिची उंची बराच काळ वापरात असलेल्या पेन्सिलीएवढी आहे म्हणून घरात तिला हेच नाव पडलं. बालवाडीपासून ती पहिली येते आणि मी तिच्याच वह्या वाचून दुसरा येतो. ही व्यवस्था आम्हा दोघांनाही मान्य होती. यंदा तर तिला पहिलं यायलाच हवं होतं. शेवटच्या वर्षी जो पहिला येतो त्याची कॉलेजची फी शाळेचा ट्रस्ट भरतो. मावशीने तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं: फी माफ झाली तर ते मोठं कॉलेज, नाहीतर कोपऱ्यावरचं, जिथे प्रयोगशाळेत स्कूटर लावतात.

आणि तिला दुसरं मी आणलं होतं. अभ्यास करून नव्हे. तेवढा दोष माझ्यावर कुणीच ठेवणार नाही.

वर्षाच्या सुरुवातीला एक विषय स्वतःच्या आवडीने निवडायचा होता. पेन्सिलला संख्याशास्त्र हवं होतं. मला सुतारकाम हवं होतं, कारण त्याला लेखी परीक्षा नव्हती. "एकट्याला कंटाळा येईल गं, चल ना," असं म्हणत मी आठवडाभर तिच्या मागे लागलो. शेवटी ती आली. पहिल्या तासाला करवत दाखवली, दुसऱ्या तासाला ती हातात दिली, आणि तिसऱ्या तासाला मी डॉक्टरकाकांकडे गेलो. मी मान दुखते म्हणालो. त्यांनी सर्टिफिकेटवर मनगट लिहिलं. मी दुरुस्ती सुचवली नाही.

शाळेने माझ्या सुतारकामापुढे 'अपूर्ण' असा शेरा मारला. पेन्सिलने मात्र एक कपाट केलं. असं कपाट त्या वर्कशॉपात आजवर झालं नव्हतं. त्याच्या वरच्या कप्प्यापर्यंत तिचा स्वतःचा हात पोचत नाही, एवढंच.

आता शाळेचा नियम असा, की गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र असल्या विशेष विषयांत उत्तम गुण मिळाले की पाच गुणांक. सुतारकामासारख्या साध्या विषयात जीव ओतला तरी चार. मग सगळ्यांची सरासरी. माझे सगळे पाच. तिचेही सगळे पाच, आणि कपाटाचा एक चार. अपूर्ण विषय सरासरीत धरत नाहीत. थोडक्यात, तिने काम पूर्ण केलं म्हणून ती खाली गेली आणि मी अपूर्ण राहिलो म्हणून वर.

फलकासमोर उभी राहून पेन्सिलने हे सगळं मनातल्या मनात मांडलं आणि म्हणाली, "बरोबर आहे रे. नियमच आहे तसा." ती रडली असती तर मी समजूत घालून मोकळा झालो असतो. तिने माझी कॉलर नीट केली आणि निघून गेली. संध्याकाळी मावशी खाली येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. "शेवटी गुण उधळलेस हो," म्हणाली, आणि हसली. हसण्यात जराही खोट नव्हती. मी खूप शोधली.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात मोठ्या बाबूंसमोर उभा राहिलो.

"मला दुसरा करता येईल का?"

बाबूंनी चष्मा काढला. "वर न्या म्हणून लोक येतात. वडील येतात, मामा येतात, एकदा एकाचे घरमालक आले होते. खाली न्या म्हणून अजून कुणी आलं नाही. त्याचा अर्ज छापलेला नाही."

"मी सुतारकामात नापास झालो तर?"

"मग त्या विषयाचा गुणांकच मिळत नाही, म्हणून तो सरासरीत धरत नाहीत. तू पहिलाच."

"मग करू काय?"

"पास हो," बाबू म्हणाले. "काठावर झालास तरी चालेल. एक साधा विषय पास झालास की आपोआप घसरशील. अंतिम यादी लागायच्या आत."

अशा रीतीने, आयुष्यात प्रथमच, मी खाली येण्यासाठी कष्ट करायला लागलो.

सुतारकामाच्या सरांना सगळे रंधा सर म्हणतात. अंगाने ते दोन सरांएवढे आहेत. "स्टूल कर," ते म्हणाले. "मी त्यावर बसून चहा पिणार. बशीत सांडला नाही तर पास." त्यांची परीक्षा वर्षानुवर्षं हीच आहे. जुन्या स्टुलांपैकी काही अजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात आहेत, काही बंबात गेली.

मी चार पाय कापले. चारही वेगवेगळे निघाले. एक कमी केला की दुसरा उंच दिसायचा. स्टूल हळूहळू पाटाकडे निघालं होतं, तेवढ्यात दारात पेन्सिल उभी.

"तू? इथे?"

"लाकडाची गोडी लागली."

"तुला?" ती जवळ आली आणि पाय हातात घेऊन बघू लागली. "मनगट बरं झालं वाटतं."

"बरंच."

"हं. आधी खूण करावी, मग कापावं. तू बहुतेक आधी कापतोस आणि मग खूण शोधतोस." मग तिने मला नवीन लाकडावर रेघ मारायला शिकवलं, खाच कशी कोरायची ते दाखवलं, आणि मी पटाशी उलटी धरली तेव्हा एकदाच डोळे मिटले. का करतोयस, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती 'नको' म्हणाली असती, आणि मी, खरं सांगायचं तर, ऐकलं असतं.

तरीही परीक्षेच्या सकाळी स्टूल डुगडुगतच होतं. सर चहा आणायला गेले. मी खिसे चाचपले. त्यात बाबूंनी परत दिलेलं मनगटाचं सर्टिफिकेट होतं. मी त्याची घडी घातली, मग घडीची घडी, आणि आखूड पायाखाली चिकटवली. सर बसले. स्टूल एकदा कण्हलं. त्यांनी शेवटचा घोट घेऊन बशी पाहिली.

"पास," ते म्हणाले. "काठावर."

अंतिम यादीत पेन्सिल पहिली. मी दुसरा. घरी आई म्हणाली, "सगळ्यांना सांगून बसले होते रे. काय गरज होती त्या सुतारकामाची?" याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते दिलं असतं तर वर मावशीला कळायला वेळ लागला नसता. मी म्हणालो, "गोडी लागली." आईने माझ्याकडे असं पाहिलं की सरांनी बशीकडे तरी बऱ्या नजरेने पाहिलं होतं.

गुणगौरवाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या आलेल्याने भाषण करायचं असतं. पेन्सिल भाषणाच्या उंच टेबलामागे गेली आणि दिसेनाशी झाली. लोक हसले. शिपाईमामा तत्परतेने आत पळाले आणि वर्कशॉपातून हाताला लागलं ते स्टूल घेऊन आले.

ते माझं होतं. खालची घडी कुठेतरी गळून पडली होती.

पेन्सिल चढली. स्टूल डावीकडे झुकलं, मग उजवीकडे. मावशीने तोंडावर हात नेला. मी दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीवरून उठलो, सगळ्या पाहुण्यांसमोरून वाकून गेलो, टेबलामागे खाली बसलो आणि तो आखूड पाय मनगटावर उचलून धरला. स्टूल थांबलं.

भाषण लांबलं. तिने सगळ्या शिक्षकांचे आभार मानले, बाबूंचे मानले, कपाटाचेही मानले. स्टुलाचा पाय माझ्या मनगटात रुतायला लागला. शेवटी ती थांबली आणि खाली न बघता तिने हळूच विचारलं, पण माइक तिच्या तोंडाशीच होता.

"मनगट कसं आहे?"

"दुखतंय," मी म्हणालो. यावेळी ते खरं होतं.